ऐतिहासिक स्थळ पर्यटकांसाठी खुलं करण्याआधी रहिवाशांशी सल्लामसलत कशी करावी

जुना किल्ला, समाधिस्थळ, पडका राजवाडा किंवा उत्खननातून वर आलेले अवशेष लोकांना पाहण्यासाठी उघडायचे ठरले की दुरुस्ती, तिकीट आणि माहितीफलक यांचा विचार लगेच सुरू होतो. शेजारी राहणाऱ्यांना विचारायची वेळ येते ती बहुधा उद्घाटनाची तारीख ठरल्यावर. तोवर बदलण्याजोगं काही उरलेलं नसतं, आणि बैठकीला आलेल्या माणसाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग तो एकतर गप्प बसतो, नाहीतर मनातला सगळा राग तिथेच काढतो. दोन्हीतून उपयोगाचं काही हाती लागत नाही.

सल्लामसलत खरी झाली की नाही हे तपासायला इंग्लंडमधल्या १९८५ च्या गनिंग खटल्यात मांडले गेलेले चार निकष आजही सगळ्यांत सोपे आहेत. प्रस्ताव घडत असतानाच विचारावं. मत देता येईल इतकी माहिती आणि कारणं द्यावीत. विचार करून उत्तर द्यायला पुरेसा वेळ ठेवावा. आणि आलेली मतं निर्णय घेताना मनापासून विचारात घ्यावीत. खटला शाळा बंद करण्याविषयीचा होता, पण स्थळ उघडतानाही हीच चौकट पुरते. कामाचं वेळापत्रक आखताना या चारपैकी एखादा निकष गळत असेल, तर तारीख पुढे ढकला.

काय ठरलंय आणि काय खुलं आहे

लोकांसमोर जाण्याआधी एका कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात जे खरोखर ठरलं आहे आणि बदलणार नाही ते लिहा: कायद्याने संरक्षित भाग, धोकादायक भिंतीजवळचा बंद पट्टा, मालकीच्या अटी. दुसऱ्यात जे खुलं आहे ते: प्रवेशाचं फाटक कुठल्या बाजूला, वेळा, सुटीचा वार, दिवसाला किती माणसं, वाहनतळ, छायाचित्रणाचे नियम, तिकिटाच्या पैशाचा वाटा, कामावर कोणाला घ्यायचं. ‘उघडायचंच की नाही’ हा प्रश्न खुला असेल तर तो याच रकान्यात सगळ्यांत वर यायला हवा. तिसऱ्यात अजून माहीत नसलेल्या गोष्टी आणि त्या कधीपर्यंत कळतील ते.

हा कागद भरताना दुसरा रकाना जवळजवळ रिकामा राहिला, तर बैठकीला ‘सल्लामसलत’ म्हणू नका. ‘माहिती देण्याची सभा’ म्हणा. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसती माहिती देणं आणि सल्ला घेणं या दोन्ही पायऱ्या खऱ्या सहभागाच्या खालीच येतात. आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे स्पष्ट सांगितलं तर लोक त्या मर्यादेत बोलतात. वरच्या पायरीचं नाव घेऊन खालच्या पायरीवर थांबलं, की पुढच्या प्रत्येक कामात विश्वास कमी पडतो.

कोणाला विचारायचं

स्थळाच्या नकाशावर तीन वर्तुळं काढा. आतलं वर्तुळ म्हणजे ज्यांच्या दारावरून पर्यटक जातील किंवा ज्यांच्या खिडकीतून स्थळ दिसतं अशी घरं. मधलं म्हणजे ज्यांचा रस्ता, पाणी, बस किंवा बाजार पर्यटकांशी वाटून घ्यावा लागेल ते लोक. बाहेरचं म्हणजे उरलेली वस्ती. आतल्या वर्तुळातलं प्रत्येक घर गाठायचं, त्यात नमुना निवडायचा नाही.

बाहेरच्या दोन वर्तुळांसाठी नमुना चालतो. १,००० घरांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे २८० घरांची उत्तरं मिळाली, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर सुमारे ९५ वेळा) पाच टक्क्यांच्या फरकापर्यंतचं चित्र कळतं. ५०० घरांसाठी सुमारे २२० लागतात. आतल्या वर्तुळाचे आणि बाहेरच्या दोन वर्तुळांचे निकाल मात्र वेगळे मांडा. एकत्र केले की ‘ऐंशी टक्के लोक अनुकूल’ असा आकडा तयार होतो आणि फाटकाशेजारची बारा घरं त्यात बुडून जातात, जेव्हा सगळा त्रास त्यांनाच होणार असतो. सल्लामसलतीत होणारी सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि आकडे बरोबर असूनही ती होते.

घरांच्या यादीत न सापडणारे लोकही असतात. भाडेकरूंना विचारा, मालक दूर राहत असतो, गोंगाट भाडेकरू ऐकतो. स्थळातून रोज आडवाटेने जाणारे, तिथे गुरं चारणारे, खेळणारी मुलं, संध्याकाळी बसायला येणारी म्हातारी माणसं, तिथल्या थडग्यापाशी किंवा देवाच्या ठिकाणी ठरावीक दिवशी येणारी कुटुंबं यांचा वापर कुठेही नोंदलेला नसतो. तो शोधायला एक आठवडा सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला एकेक तास स्थळावर बसून कोण येतं, कुठून येतं, काय करतं ते लिहून काढा. कुंपण घातल्यावर पहिला वाद याच न लिहिलेल्या वापरांवरून होतो.

काही वेळा ज्यांचा संबंध सगळ्यांत खोल आहे ते जवळ राहतच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी वंशाच्या लोकांची जुनी दफनभूमी सापडली. तिथे ज्यांचे पूर्वज पुरले होते त्या समाजाला आपलं म्हणणं ऐकवण्यासाठी आंदोलन करावं लागलं, आणि १९९२ मध्ये खोदकाम थांबलं. ४१९ जणांचे अवशेष २००३ मध्ये तिथेच पुन्हा दफन झाले आणि २००६ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. म्हणून आपल्या यादीत ‘इथून गेलेले’ आणि ‘इथे ज्यांच्या पूर्वजांवर काही गुदरलं ते’ असा एक भाग ठेवा.

आकडे दारापर्यंत आणा

‘दिवसाला तीनशे पर्यटक अपेक्षित’ या वाक्यावरून कोणालाही मत बनवता येत नाही. तो आकडा माणसाच्या दारापर्यंत आणून द्यावा लागतो. समजा स्थळ सहा तास उघडं आहे आणि चाळीस टक्के लोक गर्दीच्या दोन तासांत येतात. म्हणजे १२० माणसं दोन तासांत, ताशी ६०. येण्याजाण्याची गल्ली एकच असेल तर दारावरून ताशी १२० वेळा कोणीतरी जाणार, म्हणजे मिनिटाला दोन. आता हे वाक्य गल्लीतल्या माणसाला सांगा: ‘गर्दीच्या वेळी दर अर्ध्या मिनिटाला एक अनोळखी माणूस तुमच्या दारावरून जाईल.’ यावर त्याचं मत नेमकं येतं.

वाहनांचंही तसंच. ताशी ६० माणसं, गाडीमागे तीन, तर ताशी २० गाड्या. प्रत्येक गाडी सरासरी दीड तास थांबली तर एका वेळी ३० गाड्यांची जागा लागते. वळायच्या वाटेसह गाडीमागे साधारण २५ चौरस मीटर धरले तर ७५० चौरस मीटर. एवढी मोकळी जागा कुठे आहे ते नकाशावर दाखवता आलं नाही, तर त्या गाड्या लोकांच्या दारात उभ्या राहणार आहेत. शौचालय, पिण्याचं पाणी आणि कचरा उचलण्याच्या फेऱ्या यांचाही असाच हिशेब मांडा. अंदाज कशावरून केला तेही लिहा, आणि आकडा एकच न देता कमी, मध्यम आणि जास्त असे तीन द्या.

घरोघरी जाताना

दोघांची जोडी पाठवा: एक बोलतो, दुसरा लिहितो. जमेल तिथे जोडीत एक बाई असावी, नाहीतर अनेक घरांत पुरुषच बोलतात. एका घराला २५ ते ३० मिनिटं लागतात, म्हणून एक जोडी संध्याकाळी पाच घरांपेक्षा जास्त करू शकत नाही. शंभर घरांसाठी तीन जोड्यांना सात संध्याकाळी लागतात. बंद मिळालेल्या घरांसाठी आणखी दोन धरा, त्यातली एक सुटीच्या दिवशी. रात्रपाळी करणाऱ्यांना सकाळी उशिरा गाठा.

प्रश्न दहा-बाराच ठेवा आणि आधी त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल विचारा. या जागेचा तुम्ही कशासाठी वापर करता? कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी इथे बाहेरचं कोणी नकोच असतं? आत्ता जे पर्यटक येतात त्यांचा काही त्रास होतो का? जागा खुली झाली तर कुठली एक गोष्ट बिघडेल असं वाटतं, आणि कुठली सुधारेल? स्थळाबद्दल असं काही आहे का, जे बाहेरच्यांना सांगू नये? शेवटी विचारा: कुठल्या अटी पाळल्या तर चालेल, आणि कुठल्या अटी मोडल्या तर बंद करायला हवं?

‘पर्यटनामुळे रोजगार वाढेल, तर स्थळ खुलं करावं असं तुम्हाला वाटतं का?’ असा प्रश्न विचारू नका. त्यात उत्तर आधीच घातलेलं आहे. ‘हो, नाही’ एवढ्यावर थांबणारे प्रश्नही टाळा, कारण बहुतेकांचं खरं उत्तर ‘हो, पण’ असं असतं आणि आपल्याला हवा असतो तो ‘पण’ नंतरचा भाग. प्रश्नावली आधी पाच घरांत वापरून पाहा. दोन घरांत एकाच प्रश्नावर अडखळलं तर तो प्रश्न नव्याने लिहा.

नावं आणि उत्तरं वेगळ्या कागदांवर ठेवा, दोघांना जोडणारा फक्त क्रमांक. छोट्या वस्तीत ‘शेजाऱ्याने विरोध केला’ ही बातमी त्याच संध्याकाळी पसरते आणि त्याची किंमत त्या माणसाला वर्षानुवर्षं मोजावी लागते. आठवणी आणि जुन्या गोष्टी ऐकायला मिळाल्या तर त्या फलकावर किंवा ध्वनिमार्गदर्शनात वापरण्याची परवानगी वेगळी मागा. गप्पांमध्ये सांगितलेली गोष्ट म्हणजे छापायची संमती होत नाही.

सोबत चालून पाहा

नकाशावर सगळं सोपं दिसतं. सहा ते आठ रहिवाशांना घेऊन पर्यटकाच्या वाटेने, गर्दीच्या अपेक्षित वेळी, वाहनतळापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत चाला. मोठा गट नेला तर मागच्यांचं बोलणं ऐकू येत नाही. दर पन्नास पावलांवर थांबून विचारा की इथे काय होईल. कुठे माणसं फोटोसाठी थांबतील, कुठल्या ओट्यावर बसतील, कुठून न्हाणीघरात नजर जाते, पावसात कुठे घसरतं, रुग्णवाहिका कुठे वळू शकत नाही, हे रहिवाशांना तोंडपाठ असतं. प्रत्येक जागेला क्रमांक द्या, फोटो काढा, म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा. एक फेरी वृद्ध आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसोबत करा, एक मुलांसोबत.

या फेऱ्यांमधून बहुतेक वेळा प्रवेशाची दिशाच बदलते. दोन-तीनशे मीटर लांबची मागची वाट घेतली की अख्खी गल्ली मोकळी राहते, हे दप्तरात बसून सुचत नाही.

बैठक

बैठक घरोघरच्या भेटींनंतर घ्या. आधी घेतली तर मोठ्या आवाजाची चार माणसं सूर ठरवतात आणि नंतर घरी गेल्यावरही तोच सूर ऐकू येतो. सूचना किमान दोन आठवडे आधी द्या आणि सोबत चार पानांचं टिपण, लोक घरी बोलतात त्या भाषेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठवा.

वेळ दीड तास. पहिली पंधरा मिनिटं माहिती, पुढचा एक तास सहा ते आठ जणांच्या टेबलांवर चर्चा, शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येक टेबलाचं म्हणणं वाचून दाखवणं. प्रत्येक टेबलावर एक लेखनिक, जो वाद घालणार नाही. मध्ये १:५०० प्रमाणाचा मोठा नकाशा अंथरा. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, त्यामुळे माणसाला आपलं घर बोटाने दाखवता येतं. लाल टिकली नकोशा जागेवर, हिरवी चालेल त्या जागेवर, आणि प्रत्येक टिकलीला क्रमांक व कारण. कारणाशिवाय लावलेल्या टिकल्यांमधून नंतर काहीही अर्थ काढता येतो.

हात वर करून मतदान घेऊ नका. ज्याच्याकडे काम करतो त्याच्यासमोर कोणी वेगळा हात वर करत नाही. स्त्रियांची, भाडेकरूंची आणि तरुणांची बैठक वेगळी घ्या, त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांच्या ओळखीच्या जागी. हजेरीपत्रकाच्या माथ्यावर ठळक लिहा: ‘ही सही उपस्थितीची आहे, संमतीची नाही.’ प्रकल्प अहवालाला हजेरीपत्रक जोडून ‘ग्रामस्थांची मान्यता’ असं लिहिण्याचा प्रकार घडू शकतो, आणि एकदा घडला की लोक पुढे कुठेच सही करत नाहीत. ज्यांची जमीन किंवा धंदा जवळ आहे त्यांनी तसं सुरुवातीलाच सांगावं, आयोजकांनीही.

एक खबरदारी पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाची. अजून न खणलेली टेकाडं, सुट्या मूर्ती, नाणी सापडलेल्या जागा बैठकीच्या नकाशावर दाखवू नका, सूचनाफलकावरही नाही. चर्चेचा नकाशा फोटोतून सगळीकडे जातो आणि चोरून खोदणारे त्याच आठवड्यात येतात.

लेखी हरकती आणि सूचनांसाठी टिपण वाटल्यापासून किमान सहा आठवडे द्या. सणावारांचे, परीक्षांचे आणि शेतीच्या धावपळीचे दिवस त्यात मोजू नका. उत्तर न देणाऱ्यांना ‘मान्य’ धरू नका. त्यांची संख्या वेगळी लिहा.

अटी कशा ठरवायच्या

‘पर्यटकांनी शिस्त पाळावी’ ही अट नाही. अटीत वेळ, संख्या, जागा आणि मोडल्यास काय होईल हे हवं. दक्षिण कोरियाच्या राजधानीतल्या, सोलमधल्या बुकचोन हानोक गावात लोक जुन्या घरांत राहतात. तिथल्या सगळ्यांत गर्दीच्या भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच वेळ आहे. २०१८ मध्ये ती ऐच्छिक होती. पुढे तिला कायद्याचं बळ देऊन मार्च २०२५ पासून दंड सुरू करावा लागला. ऐच्छिक नियमावर किती विसंबायचं हे यावरून ठरवा. जपानमधल्या शिराकावा-गोच्या रहिवाशांनी १९७१ मध्येच आपल्या संघटनेतर्फे तीन तत्त्वं ठरवली: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. गाव जागतिक वारसा यादीत आलं १९९५ मध्ये, म्हणजे नियम गर्दीच्या आधी आले.

बंद करण्याची अटही आधीच आकड्यात लिहून ठेवावी. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू खडकावर चढू नये असं त्याच्या मालकांचं, म्हणजे तिथल्या आदिवासी अनांगू समाजाचं म्हणणं होतं. २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात चढणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांखाली गेलं तर चढाई बंद करता येईल, असा एक निकष लिहिला गेला. अनांगू प्रतिनिधींचं बहुमत असलेल्या मंडळाने २०१७ मध्ये निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. तुमच्याकडे असा आकडा वेगळा असेल: लागोपाठ तीन सुट्यांना ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसं आली तर चौथ्या सुटीला आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश बंद, वगैरे.

पैशाचं बोलणं टाळलं की अफवा पसरतात. किती जागा निर्माण होतील ते खरं सांगा. छोट्या स्थळावर त्या सहा-सातच असतात आणि त्यातल्या काही हंगामापुरत्या. प्रत्येक तिकिटातला किती भाग वस्तीच्या कामांना जाईल, ते खातं कोण चालवेल आणि हिशेब कुठे लावला जाईल हे लिहून घ्या. रोजगार स्थळाच्या गरजेतूनही काढता येतो. इंडोनेशियातल्या बोरोबुदुर या प्राचीन बौद्ध स्मारकावर पायऱ्यांची झीज कमी व्हावी म्हणून वर जाणाऱ्यांना विणलेल्या मऊ चपला दिल्या जातात, त्या आसपासच्या गावांतले कारागीर बनवतात. वर जाणाऱ्यांची संख्याही दिवसाला १,२०० ठेवली होती.

उत्तर परत नेणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो. मुदत संपल्यावर चार आठवड्यांच्या आत एक तक्ता लावा: काय सांगितलं गेलं, किती जणांनी, काय केलं, आणि केलं नसेल तर का. शेवटचा रकाना प्रामाणिक असेल तर नकारही लोक स्वीकारतात. तक्ता लावण्याआधी बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवा आणि दुरुस्त्या घ्या. एकाच माणसाचं म्हणणं असलं तरी ते गाळू नका. वाटेतली विहीर उघडी आहे हे एकट्यानेच सांगितलेलं असू शकतं.

त्यानंतर चाचणी. आठ आठवडे, फक्त शनिवार-रविवार, ठरलेल्या संख्येच्या निम्म्या पर्यटकांवर. फाटकावर माणसं मोजा, गल्लीत दर तासाला दहा मिनिटं ये-जा मोजा, आणि आतल्या वर्तुळातल्या घरांना दर सोमवारी तीनच प्रश्न विचारा: काय त्रास झाला, कधी, काय करायला हवं. तक्रारीसाठी एक फोन क्रमांक ठेवा, ज्यावर सुटीच्या दिवशीही माणूस बोलेल. तक्रार तेव्हाच येते. चाचणीच्या आकड्यांवर पुन्हा एक बैठक घ्या आणि वेळा, संख्या, वाट हे बदलून लेखी करार करा. त्यावर रहिवाशांचे प्रतिनिधी आणि स्थळाचं व्यवस्थापन दोघांच्याही सह्या हव्यात.

करारात फेरविचाराची तारीख घाला: पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी हंगाम सुरू होण्याच्या दोन महिने आधी. व्यवस्थापक बदलतात, म्हणून कराराची एक प्रत, तक्ता, इतिवृत्तं आणि नकाशे वस्तीतल्या सार्वजनिक जागी, कोणालाही मागून पाहता येतील असे ठेवा. नावांची यादी मात्र काम संपल्यावर नष्ट करा.